कोमट लागलेलं पाणी

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत शकुबाईला नावानं हाक मारणारी माणसं थोडी होती. बाकी सगळ्यांसाठी ती न्हाऊ घालणारी मावशी. कुणाच्या घरी बाळंतीण आली की डॉक्टरच्या आधी तिला निरोप जायचा. तिच्या पायांवर न्हालेली पोरं आता मोटारसायकली उडवत फिरत होती, आणि त्यातल्या काहींची पोरंसुद्धा तिच्याच पायांवर न्हाऊन मोठी झाली होती.

तिची रीत ठरलेली. मोरीत पाटावर बसायचं, लुगडं वर खोचून पाय लांब सोडायचे, दोन नडग्यांच्या मधल्या खाचेत बाळाला घ्यायचं. पण त्याआधी एक तांब्या स्वतःच्या पायांवर ओतायचा. पाय हो म्हणाले तरच पाणी बाळाच्या अंगावर. हातांवर तिचा विश्वास नव्हता. भाकरी थापून आणि भांडी घासून हात निबर होतात, असं ती म्हणायची. नडगीचं कातडं मात्र म्हातारपणीही लेकरासारखंच मऊ राहतं.

आणि दुसरी रीत म्हणजे बाळ रडलं तरी हात थांबवायचा नाही. नवी आई मोरीच्या दारात कासावीस होऊन उभी राहिली की शकुबाई मान वर न करता म्हणायची, "रडू दे गं. छाती मोकळी हुतीया. न्हाऊन झालं की बघ कसं झोपतंय ते." आणि बाळ खरंच झोपायचं. धुरी घेऊन, टाळूवर तेल जिरवून, दुपट्यात गुंडाळलेलं ते गाठोडं आईच्या मांडीवर ठेवताना शकुबाईचा चेहरा उजळायचा.

मग गुडघे गेले. आधी उजवा, मग डावा. फणसासारखे सुजायचे. जमिनीवर बसलं तर उठवायला दोन माणसं लागायची. एकेक घर तिनं सोडलं. शेवटी घरातच बसून राहायची वेळ आली.

तिचा नवरा शहाजी मसाला मार्केटमध्ये मिरचीची पोती वाहून निवृत्त झालेला माणूस. जिभेनंही तसाच तिखट. "आता कसं," तो म्हणायचा, "आमी पाठ मोडून घेतली, तू गुडघं. पोराला सांगू, एक धड माणूस दोघांतनं जुळवून घे."

पोरगा कुलदीप जासईच्या कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. दुसऱ्यांची इतकी पोरं न्हाऊ घातली आणि आपलंच दार कोरडं, हे शकुबाई कुणाजवळ बोलली नव्हती, पण मोरीतला तो पाट तिनं कुणाला हलवू दिला नव्हता. आणि ती घरी बसली त्याच साली सुनेला, राजलक्ष्मीला, दिवस गेले. तिला आई नव्हती. कराडकडच्या माहेरी नुसते भाऊ आणि भावजया. त्यामुळे बाळंतपण इथंच होणार हे ठरलेलं.

"आत्या," राजलक्ष्मी एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुम्हीच न्हाऊ घालायचं हं बाळाला. मला पाण्याची फार भीती वाटते."

"मग काय दुसरी बाई आणीन का मी," शकुबाई म्हणाली. पण त्या रात्री ती गुडघ्यांवर हात ठेवून पडून राहिली. जगाच्या लेकरांना पाय दिले आणि स्वतःच्या नातवंडाला द्यायला पाय उरले नाहीत, हा विचार तिला झोपू देईना.

एका हॉस्पिटलात गुडघ्यांच्या नव्या गोळीची चाचणी चाललीय हे कुलदीपला कुणीतरी सांगितलं. त्यानं आईला तिथं नेलं. तिथली डॉक्टर नमिता म्हात्रे जवळच्याच गावची, आगऱ्यांची पोरगी. बोलायला मोकळी. तिनं संगणकावर एक चित्र लावलं. चार रंगांच्या चार पाकळ्या, मधे भोक.

"मावशी, हे काय वाटतं?"

"जास्वंद," शकुबाई म्हणाली.

"तसंच समजा. हे प्रथिन आहे. आपल्या नसांच्या टोकांना अशी लाखो फुलं असतात, त्यांनाच दारं म्हणायचं. चार सारखे तुकडे एकत्र येतात आणि मधे वाट तयार होते. एरवी ती वाट मिटलेली असते. प्रत्येक पाकळीच्या बाजूला ही बारीक खोबण आहे. मिरचीतलं तिखट या खोबणीत जाऊन बसलं की पाकळ्या ओढल्या जातात, वाट उघडते, आत क्षार शिरतात आणि नस मेंदूला ओरडून सांगते, भाजलं म्हणून."

"पण मिरचीनं भाजत न्हाय की खरं."

"नाहीच भाजत. पण फुलाला तसं वाटतं. खऱ्या चटक्यानंही हेच फूल उघडतं. दोघांचं दार एकच."

सोबत आलेला शहाजी मागून म्हणाला, "म्हंजे जन्मभर आमी नुसता भास वाहिला म्हणा की पोत्यांतनं."

डॉक्टर हसली. मग तिनं सांगितलं, की सुजलेल्या सांध्यात हे दार फार हलकं होतं, जराशा उबेनंही उघडतं, म्हणून दुखतं. नवी गोळी त्या खोबणीत जाऊन बसते. मिरचीच्या जागेवर, पण उलट्या कामासाठी. दार मिटलेलं धरून ठेवते. आधीच्या लोकांनी अशा गोळ्या केल्या होत्या, तेव्हा माणसांना चहाचा चटका कळेना, तोंडं पोळली. ही गोळी खोबणीत जरा वेगळी बसेल अशी घडवलीय, तरी सांभाळायचं. कुणाला खरी गोळी मिळेल, कुणाला नुसती खडूची, ते आम्हालाही माहीत नसतं. पण गरम पाणी, गरम तवा, चहा, सगळं आधी याच्यानं बघायचं. तिनं एक काचेचा थर्मामीटर हातात दिला आणि लाल रेघ दाखवली. याच्या वर गेलं की हात लावायचा नाही.

"कळलं ना मावशी? परत सांगा बघू मला."

शकुबाईनं नीट परत सांगितलं. चहा, तवा, अंघोळीचं पाणी. डॉक्टरनं विचारलं काम काय करता, तर ती म्हणाली, आता काय बी न्हाय, घरातच असते. ते खोटं नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्या आणि काही दिवसांत शकुबाई दाराची चौकट न धरता उठली. मग जिना उतरली. मग एका सकाळी मोरीतल्या पाटावर बसून पाय लांब केले आणि कुणाला हाक न मारता उभी राहिली. ते तिनं कुणाला सांगितलं नाही. नुसती पदरानं डोळे पुसून बाहेर आली.

"खडू न्हाय, खरी मिळालीया," ती शहाजीला म्हणाली.

त्याच सुमारास आणखी एक झालं. शहाजीनं मार्केटातल्या जुन्या दोस्ताकडून लवंगी मिरची आणली होती. त्याचा ठेचा केला. तो एक घास खाऊन पाणी प्यायला उठला आणि शकुबाई मात्र भाकरीवर गोळा घेऊन शांतपणे जेवत होती.

"शके, जीभ घरी हाय नव्हं?"

"तुमचं दोस्त फसवत्यात तुमाला. निस्ता पाला हाय."

"त्या पाल्यानं माझं कान पेटल्यात."

राजलक्ष्मी पोटावर हात धरून हसली. सगळेच हसले. शकुबाईनं आणखी थोडा ठेचा घेतला. डॉक्टरनं पडद्यावर दाखवलेलं फूल तिला त्या वेळी आठवलं नाही. आठवलं असतं तरी तिनं ते जिभेपुरतंच धरलं असतं. तिच्या लेखी गोळी गुडघ्याची होती, गुडघ्यात जाऊन बसत होती. फार तर जिभेवरून जाताना जराशी सांडत असेल.

थर्मामीटर ती पाळायची. तो स्वयंपाकघराच्या फळीवर स्टीलच्या पेल्यात उभा असायचा. चहा आला की बुडवायची, स्वतःच्या अंघोळीच्या बादलीत बुडवायची. शहाजी त्यावरून बोलायचा, "चहाला ताप आलाय का बघतीया." तरी ती बुडवायची. डॉक्टरला शब्द दिला होता.

मुलगी झाली. बारशाला नाव ठेवलं रेवा. पहिल्या दिवसापासून शकुबाईनं तिला पायांवर घेतलं. राजलक्ष्मी दारात उभी राहायची, बघवायचं नाही आणि तिथून पाय निघायचाही नाही. पाणी कुलदीप काढून द्यायचा. कामावर जायच्या आधी तो गॅसच्या गीझरचं गरम आणि नळाचं गार बादलीत मिसळून ठेवायचा. शकुबाई एक तांब्या पायांवर ओतायची, पाय हो म्हणायचे आणि रेवाची अंघोळ व्हायची. डाळीचं पीठ, साय, धुरी. वसाहतीतल्या बायका बघायला यायच्या. "मावशी, परत सुरू करा की," म्हणायच्या. शकुबाई म्हणायची, "आधी माझ्या बयेचं हुं दे." कित्येक वर्षांत ती इतकी सुखात नव्हती.

तो थर्मामीटर रेवाच्या बादलीत तिनं एकदाही बुडवला नाही. तो तिच्यासाठी होता, म्हाताऱ्या, गोळ्या खाणाऱ्या बाईसाठी. बाळासाठी पाय होते. पाय कधी चुकले नव्हते.

जानेवारीतली सकाळ होती. कुलदीपची रात्रपाळी लांबली होती आणि तो घरी आला नव्हता. नळाला पाणी कमी दाबानं येत होतं. अशा वेळी गीझरमधून धार बारीक पडते आणि कढत येते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शकुबाईनं गीझरखाली बादली लावली, थोडं गार घातलं, पाटावर बसली. रेवाला अजून राजलक्ष्मीच्या हातात ठेवून तिनं पायांवर तांब्या ओतला.

कोमट लागलं. छान, उबदार, पण जरा कमीच. बाहेर गारठा होता. तिनं गीझरच्या धारेचे आणखी दोन तांबे बादलीत घातले. परत पायांवर ओतलं. परत कोमट. आणखी एक घातला. आता ऊब चांगली लागली. मोरीत वाफ दाटली होती, पण थंडीत ती असतेच.

"दे," ती म्हणाली.

राजलक्ष्मीनं बाळ तिच्या नडग्यांवर पालथं ठेवलं आणि दुपटं वाळत घालायला ती गॅलरीत गेली.

पहिला तांब्या पाठीवर पडला तेव्हा रेवा रडली. रोज रडायचीच. शकुबाई म्हणाली, "झालं गं माझी बया, झालं," आणि दुसरा तांब्या ओतला. रडणं उंच चढलं. तिसऱ्याच्या आधी ते थांबलं, जसा श्वास अडकतो तसं, आणि मग पुन्हा फुटलं.

राजलक्ष्मी गॅलरीतून धावत आली. "आत्या, का रडते ती अशी?"

"रडू दे गं. छाती..."

"ही अशी नाही रडत." राजलक्ष्मीनं बादलीत हात घातला आणि झटक्यानं बाहेर काढला. क्षणभर ती बोटांकडे बघत राहिली. मग तिनं बाळ ओढून घेतलं आणि गार पाण्याच्या नळाच्या बारीक धारेखाली धरलं. तिच्या तोंडून नुसता घोगरा आवाज येत होता.

शकुबाई पाटावर तशीच होती. पाय लांब. तिनं खाली बघितलं. दोन्ही नडग्या लालभडक झाल्या होत्या आणि उजव्या पायावर कातडी पापडासारखी वर आली होती. तिच्या पायांना अजूनही छान ऊब लागत होती.

बाळाला ऐरोलीच्या हॉस्पिटलात नेलं. पाठ, खांदा आणि एका कुशीचा भाग. जीव वाचला. पाठीवर डाग राहतील, खांद्याकडची कातडी पुढं आखडू शकते, मोठी होईपर्यंत दाखवत राहावं लागेल, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. कुलदीप आईला एक शब्द बोलला नाही. त्यानं तिच्या पायांना पट्ट्या बांधून आणल्या, रिक्षात हात धरून बसवलं, घरी पाणी दिलं. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

डॉक्टर नमिता घरी आली. गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या होत्या. ती खुर्चीवर बसेना, शकुबाईच्या शेजारी चटईवर बसली.

"मला एवढंच सांग पोरी," शकुबाई म्हणाली. "मला काहीच कळलं नसतं तर मी थांबले असते. मला ऊब कळत हुती. चांगली कळत हुती. मग चटका का न्हाय कळला?"

"ऊब आणि चटका यांची दारं वेगळी असतात मावशी. आकार वेगळा, खोबण वेगळी. आपली गोळी उबेच्या दाराला बसतच नाही. ते उघडं राहिलं. चटक्याचं तेवढं मिटलं."

"म्हंजे उकळतं असतं तरी मला..."

"कोमट लागलं असतं. बहुतेक."

शकुबाईनं मान हलवली. मग विचारलं, "बाळाला असत्यात का ही दारं? इवल्याशा?"

"असतात. जन्माला येतानाच असतात."

"आणि तिची?"

डॉक्टरनं पदराखालचा शकुबाईचा हात हातात घेतला. "तिची उघडी होती मावशी," ती म्हणाली. "सगळी."

शहाजी दाराशी उभा होता. तो चपला घालून खाली निघून गेला.

रेवा घरी आली. शकुबाईचे पाय भरत आले. आणि गोळ्या थांबल्यावर गुडघे परत सुजू लागले. आधी उजवा, मग डावा, पूर्वीच्याच क्रमानं. तिनं त्याबद्दल तक्रार केली नाही. ती दुसऱ्याच गोष्टीची वाट बघत होती. रोज जेवताना ती शहाजीनं आणलेली एक लवंगी मिरची घ्यायची आणि दाताखाली धरायची. शहाजी समोर बसून तिच्या तोंडाकडे बघायचा.

"लागली?"

"न्हाय."

पुढच्या दिवशी परत. "लागली?"

"किंचित. कडेला."

ज्या दिवशी मिरची लागली त्या दिवशी ती पार टाळूपर्यंत लागली. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, कान तापले, श्वास कोंडला. तिनं पाणी घेतलं नाही. शहाजीनं पुढं केलेला गूळ घेतला नाही. ती तशीच बसून राहिली आणि गालांवरून पाणी ओघळू दिलं. शहाजी म्हणाला, "आलं तुझं फूल ठिकाणावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिंत धरून मोरीच्या दाराशी गेली. आता पाट तिथं नव्हता. निळा प्लास्टिकचा टब होता आणि राजलक्ष्मी त्यात पाणी घालत होती. रेवा दुपट्यावर पालथी पडली होती. पाठीवरचं कातडं गुलाबी, चकाकतं, जागोजाग चुणलेलं.

"राजे," शकुबाई म्हणाली. "मला आता कळायला लागलंय. मिरची लागली काल. हात घालून बघू का पाण्यात?"

राजलक्ष्मीनं वळून बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिनं टब थोडा दाराकडे सरकवला.

शकुबाई वाकली. गुडघ्यातून कळ निघाली ती कमरेपर्यंत गेली. तिनं हात मनगटापर्यंत पाण्यात घातला आणि डोळे मिटून थांबली. कोपरापर्यंत नेला. पुन्हा थांबली.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "कोमट."

राजलक्ष्मीनं मान डोलावली. मग आता मोरीच्या फळीवर आणून ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यातून थर्मामीटर काढला, टबात बुडवला आणि पारा ठरेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. नंतर तिनं तो पुसून परत ठेवला.

"आहे बरोबर," ती म्हणाली. "तुम्ही बसा आत्या. पाय दुखतील."

शकुबाई बाहेर येऊन भिंतीला टेकून बसली. आत पाण्याचा पहिला आवाज झाला, अजून थेंबही अंगावर पडला नसेल, आणि रेवानं रडायला सुरुवात केली. रडू दे गं, हे शब्द सवयीनं शकुबाईच्या ओठांपर्यंत आले. तिनं ते गिळले. गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून ती कान देऊन ऐकू लागली. इतकी पोरं तिच्या पायांवर रडली होती. त्यातलं भुकेचं कुठलं, झोपेचं कुठलं, नुसतं पाणी नको म्हणणारं कुठलं, हे ती पाठमोरी बसूनही सांगायची.

आत रेवा रडत होती, आणि हे रडणं कसलं, ते तिला ओळखू येत नव्हतं.